बटणातलं मीठ

आमचे घरमालक नामदेव घरत, म्हणजे सगळ्यांचे मामा, कुणाच्याही घरी गेले की चपला काढल्या काढल्या त्या घरातल्या कीबोर्डचं एक बटण उपटतात.

उपटतात म्हणजे खरोखरच उपटतात. त्यासाठी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात, इतर लोक जिथे पेन ठेवतात तिथे, तारेचा एक चिमटा असतो. चिमट्याची टोकं बटणाच्या दोन कडांना अडकवायची, हळूच वर ओढायचं, बटण तळहातावर उताणं करायचं आणि चष्मा कपाळावर चढवून त्याच्या पोटात बघायचं. पोटात अधिकच्या चिन्हासारखी खाच दिसली की मामांचा चेहरा खुलतो. "माणूस चांगला हाय," असं ते यजमानांच्या देखत जाहीर करतात. खाच नसली तर बटण परत जागेवर दाबतात आणि सांत्वनाच्या सुरात म्हणतात, "असू दे. हाफिसातला हाय, चालायचाच."

बँकेतले साहेब शिक्का आणायला आत गेले आणि परत येऊन बघतात तर त्यांचं एंटरचं बटण मामांच्या तळहातावर. साहेब भडकले. मामा शांत. "साहेब, खाली बघितल्याबिगर वरचा कलत नाय." हे मामांचं आवडतं वाक्य. कीबोर्ड, कलिंगड, भाडेकरू आणि पुढारी या सगळ्यांना ते हेच लावतात. आमच्या डॉक्टरांचा लॅपटॉप मात्र खरंच कामातून गेला, कारण लॅपटॉपचं बटण एकदा उपटलं की मामांच्या जाड बोटांनी परत बसत नाही. आता मामा दवाखान्यात शिरताना दिसले की डॉक्टर आधी नवा लॅपटॉप ड्रॉवरमध्ये घालतात आणि मगच मामांचा रक्तदाब तपासतात.

मामा पासष्टीच्या पुढचे. पांढरा सदरा, गळ्यात सोन्याची जाड साखळी, आणि चालताना दोन्ही हात अंगापासून जरा लांब, कारण निम्मं आयुष्य मिठागराच्या बांधावरून तोल सांभाळत गेलं. मूळ गाव ओवे. खाडीकाठी घरतांचं वडिलोपार्जित मिठागर होतं. नामदेव आणि त्यांचे थोरले भाऊ धर्मा, म्हणजे अण्णा, दोघांनी ते वडिलांच्या पश्चात चालवलं. पुढे जमीन सरकारजमा झाली, तिच्या बदल्यात खांदा कॉलनीत भूखंड मिळाला, भूखंडावर चार मजली इमारत उभी राहिली आणि मिठात उभं राहणारे मामा घरमालक झाले. त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी राहते आणि मामा-मामी वरच्या मजल्यावर.

इमारतीचं नाव 'सी ब्रीज रेसिडेन्सी'. समुद्र कुठल्याच गच्चीवरून दिसत नाही आणि वारा आला तर तो हायवेवरून डिझेलचा वास घेऊन येतो. तरी मामांनी हे नाव हौसेनं ठेवलं, कारण आसपासच्या सगळ्या इमारतींना तसलीच नावं होती. अण्णांचं म्हणणं होतं की इमारतीला आईचं नाव द्यायचं, 'बायजाबाई सदन'. मामांना ते गावठी वाटलं. वास्तुशांतीच्या दिवशी पाटीवरचा कपडा बाजूला झाला, अण्णांनी कुणाकडून तरी पाटी वाचून घेतली आणि भर मांडवात म्हणाले, "आईच्या नावाची लाज वाटते तुला? मग आजपासून माझ्या घरात तुझा ताट नाय." आणि न जेवता निघून गेले.

मामाही घरतच. तेही वाकले नाहीत. पुढे कधीतरी गुपचूप पाटीच्या खाली कंसात 'बायजाबाई सदन' असं लिहून घेतलं, त्यामुळे आता आमची पार्सलं आणणारी पोरं एकाच दारात उभं राहून दुसरी इमारत शोधतात. पण हा कंस बघायला अण्णा काही आले नाहीत. वर्षं गेली. भाऊ भावाच्या घरी जाईना.

आता बटणांकडे येते. मी मिक्सर, वॉशिंग मशीन, पाण्याचे फिल्टर अशा वस्तूंच्या माहितीपुस्तिका मराठीत करते. 'वापरण्यापूर्वी सर्व सूचना काळजीपूर्वक वाचा' हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की झोपेतही लिहीन. दिवसभर टाइप करायचं म्हणून माझ्याकडे जाड बटणांचा, टकटक वाजणारा कीबोर्ड आहे. याच्या बटणांच्या पोटात ती अधिकच्या चिन्हाची खाच असते, म्हणून ती काढता-घालता येतात आणि जगात काही हौशी लोक तसली बटणं घरी, हाताने, एकेक करून ओततात. रेझिन नावाचा एक पातळ, चिकट पदार्थ असतो. त्यात दुसरा एक द्रव मिसळून साच्यात ओतला की तो काचेसारखा घट्ट होतो. ओतताना आत फूल, शिंपला, वाटेल ते ठेवायचं. माझ्या मैत्रिणीनं मला असं एक बटण दिलं होतं, आत इवलासा लाल मासा असलेलं. मी ते डाव्या कोपऱ्यात एस्केपच्या जागी लावलं होतं.

मामा एकदा गच्चीवरच्या गळक्या टाकीबद्दल बोलायला माझ्याकडे आले. बोलता बोलता त्यांचं लक्ष त्या माशाकडे गेलं आणि ते बोलायचे थांबले.

"ताई, हा मासा जित्ता हाय?"

"नाही हो मामा. खोटा आहे. बटण आहे ते."

"दाबला तर?"

"दाबलं तर पडद्यावरचं काम बंद होतं."

त्यांनी लगेच दाबलं. माझी अर्धवट कामाची खिडकी मिटली. मामांचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. ते वाकून, नाक बटणाला लागेल इतकं जवळ जाऊन बघत होते. "हा खानारा मासा नाय," त्यांनी निकाल दिला. मग जरा वेळानं विचारलं, "ह्याच्यात काय पन घालता येतो?"

"काहीही."

"मीठ?"

मीठ कशाला, हे विचारायच्या आत ते निघून गेले. टाकीचं राहूनच गेलं. ती अजून गळते.

मीठ कशाला, ते मला तारामामींकडून कळलं. तारामामी म्हणजे मामांची बायको. घरात वजन त्यांच्याच शब्दाला, फक्त त्या तो शब्द क्वचित वापरतात. वालाच्या शेंगा सोलत त्या म्हणाल्या, "अण्णा भावजी पडले ना, तवापासून ह्यांचा असा चाललाय."

अण्णांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, पण जीभ वळत नव्हती. बातमी कळली तेव्हा मामा इतक्या वर्षांचा राग गिळून धावत ओव्याला गेले. पलंगापाशी बसले. तेव्हापासून दर रविवारी जातात, अण्णांचे पाय चेपतात, त्यांना मिठाच्या जुन्या गोष्टी सांगतात. पण त्या घरात पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. अण्णांची सून सुनंदा विनवण्या करून थकली. जेवणाच्या वेळेला मामा उठतात, रिक्षा पकडतात आणि घरी येऊन तारामामींनी झाकून ठेवलेलं गारढोण जेवतात.

"असं कशाला पण?" मी न राहवून मामांनाच विचारलं.

"ताट नाय म्हनला तो," मामा म्हणाले. "मोठा भाव हाय. त्यानं नाय म्हनला, तर हाय पन त्यानंच म्हनाया पायजे. सूनबाय सांगून कसा चालल? घरचा शब्द हाय."

"पण त्यांना बोलता येत नाही!"

"तेच तर."

"हातानं खूण केली असेल की."

"केली ना. हात हालवला एकदा." मामांनी डावा हात हवेत हलवून दाखवला. "ये म्हनला का जा म्हनला, मना कसा कलनार?"

मी हसले. मग मामांकडे बघितलं आणि माझं हसू गेलं. माणूस खरंच अडकला होता. ज्यानं दार लावलं त्याच्याकडेच किल्ली, आणि त्याचा हात चालेना.

अण्णांसाठी कुणीतरी चित्रांचा एक तक्ता आणून दिला होता. तहान लागली की ग्लासाच्या चित्रावर बोट ठेवायचं, भूक लागली की ताटाच्या. त्या ताटात काटा-चमचा आणि पावाचा त्रिकोणी तुकडा काढलेला होता. अण्णांनी तक्ता एकदा पाहिला आणि डाव्या हाताने पलंगाखाली सोडून दिला. मामांना त्यात काही गैर वाटलं नाही. "कागदावरचा ताट बघून अण्णा कशाला बोट लावल? त्याच्या बोटाखाली त्याची वस्तू पायजे. भाताचा दाना, सुका जवला, आपला मीठ. आन् दाबला की बोलला पायजे. तुमी कराल ना बोलता?"

तेवढं मला येत होतं. मोजक्या बटणांचा छोटा कीपॅड मिळतो. तो जुन्या लॅपटॉपला जोडून एकेक बटण दाबल्यावर एकेक वाक्य वाजेल अशी सोय करता येते. बटणाच्या वरच्या टोप्या मात्र, मामा म्हणाले, "मी वतनार."

"तयार विकत मिळतात, मामा."

"मीठ घातलेल्या मिळतात?"

अशी ही बटणविद्या सुरू झाली. मामांनी रेझिनच्या बाटल्या मागवल्या. बाटलीवरच्या सूचना इंग्रजीत होत्या, म्हणून मी त्यांचं मराठी करून दिलं. एवढी निगुतीनं केलेली पुस्तिका मी आयुष्यात दुसरी केली नसेल. दोन भाग हे, एक भाग ते, वजन करून घ्या, हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. मामांनी तो कागद घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. "मीठ काय तोलून पिकवला आमी?"

त्यांच्या डोक्यात रेझिन म्हणजे एक प्रकारचं खारं पाणीच होतं. वाफ्यात पाणी घ्यायचं, उन्हात ठेवायचं, वारा बघायचा आणि मीठ कधी धरतंय याची वाट बघायची. अंदाजानं मिसळलेलं रेझिन अर्थातच धरेना. गुळाच्या पाकासारखं नुसतं चिकट राहिलं. मामा दर तासाला अंगठा लावून बघायचे, "धरला काय?" शेवटी अंगठ्यावरच एवढा थर धरला की मोबाइल त्यांना ओळखेना. मोबाइल उघडायला ते दिवसभर तारामामींना पासवर्ड विचारत फिरत होते आणि तारामामी म्हणत होत्या की तो तुमच्याच वाढदिवसाचा आहे.

मग साचे गच्चीवर उन्हात आले, मामींच्या वाळत घातलेल्या जवळ्याशेजारी. त्या खेपेला रेझिन घट्ट झालं. त्यात कबुतराचं एक पीसही घट्ट झालं आणि एक मुंगीही. मामा बेहद्द खूश. पीस कसं झोकात बसलंय ते त्यांनी मजल्यामजल्यावर दाखवलं. फक्त ते बटण धुकं भरल्यासारखं बुडबुड्यांनी गच्च होतं आणि पिसाखेरीज आतलं काही दिसत नव्हतं.

बुडबुडे घालवायला दाब लागतो. मामांनी मोबाइलवर एका गोऱ्या माणसाला एका जाड झाकणाच्या भांड्यात साचे ठेवताना बघितलं. आवाज बंद करून बघितलं, कारण इंग्रजी त्यांना कळत नाही. भांड्यात हवा दाबून भरायची असते, हे त्यामुळे राहून गेलं. मामांनी मामींचा कुकर घेतला, तळाशी पाणी घातलं, साचे ठेवले आणि गॅसवर तीन शिट्ट्या काढल्या.

तो वास मी शब्दांत सांगू शकत नाही. आम्ही भाडेकरू जिन्यात उतरलो. आतली बटणं इडलीसारखी फुगून पांढरी झाली होती. तारामामींनी कुकरकडे बघितलं, मामांकडे बघितलं आणि माहेरी फोन लावला. मामांनी त्याच दिवशी पनवेलच्या बाजारातून दोन नवे कुकर आणले. एक मामींना, आणि एक, मामी म्हणाल्या, "ह्यांच्या अकलेला."

शेवटी मी त्यांना तो व्हिडिओ वाक्यावाक्याला थांबवून मराठीत सांगितला. मामांनी निमूट ऐकलं, मग कुठल्याशा रंगाऱ्याची जुनी टाकी पैदा केली. भिंतीवर फवारा मारताना ज्या लोखंडी टाकीत रंग आणि दाबलेली हवा असते, ती. हवा भरायला आम्ही ती रिक्षात घालून हायवेवरच्या इक्बालभाईंच्या टायरच्या दुकानात नेली. इक्बालभाईंनी ट्रकचं चाक बाजूला ठेवलं आणि टाकीभोवती एक चक्कर मारली.

"मामा, इसमें है क्या?"

"बटन."

"शर्ट के?"

"कीबोर्ड के. भाई के वास्ते."

इक्बालभाईंनी दोन पावलं मागे सरकून हवा भरली. काटा चढला तसा मामांनी माझा हात धरला. टाकी फुटली नाही. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर आत पहिलं स्वच्छ बटण, काचेसारखं आरपार, भाताचा एक दाणा मधोमध. इक्बालभाईंनी ते उजेडात धरून बघितलं आणि त्यानंतर हवेचा एक पैसा घेतला नाही.

ते बटण बसतं का हे बघायला माझाच कीबोर्ड होता. मामांनी ते माझ्या 'क'च्या जागी दाबून बसवलं. खाच अंमळ घट्ट झाली होती. काढायला गेले तेव्हा बटणाखालचा सगळा सांगाडाच उपटून आला. नवा भाग येईपर्यंत मी मिक्सरच्या पुस्तिकेत 'झाकण' हा शब्द कसा टाळला, ते माझं मला माहीत. मामांनी मात्र त्या प्रकारातून एक धडा घेतला. तेव्हापासून ते दिसेल त्या कीबोर्डची खाच तपासत असतात, किती घट्ट, किती सैल. लोकांना वाटतं म्हातारा चळला. तो अभ्यास करत असतो.

भात झाला, जवळा झाला, चहाची पूड झाली. मीठ मात्र हट्टाला पेटलं. मामांकडे मिठागरातल्या शेवटच्या मिठाचं एक पिंप आहे. त्यातला एक टपोरा खडा त्यांनी निवडला, आणि तो घातलेलं प्रत्येक बटण दुधासारखं पांढरं निघालं. मी म्हटलं, "मामा, मिठाला ओल आहे. पाणी सुटतंय."

मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "माझ्या मिठाला पानी सुटला म्हनता?"

"पावसाळी हवा आहे. कुठल्याही मिठाला सुटतं."

"कुठल्याही मिठाला सुटल. घरतांच्या नाय."

आठवडाभर माझ्याशी अबोला. त्या आठवड्यात आणखी बरीच बटणं पांढरी निघाली असणार, कारण मग तारामामीच खाली आल्या आणि ओल कशी घालवायची म्हणून मला विचारून गेल्या. तव्यावर मंद भाजा, मी म्हटलं. पण उन्हानं पिकलेलं मीठ विस्तवावर ठेवणं मामांना पटेना. शेवटी भाजलं मामींनीच. मीठ तव्यावर तडतडत होतं तेवढा वेळ मामा गॅलरीत, स्वयंपाकघराकडे पाठ करून, कानावर हात ठेवून उभे होते. कुणाला हसू यावं असंच ते दृश्य होतं, आणि मीही हसले असते, पण मामी हसत नव्हत्या.

त्या खड्याचं बटण निघालं तेव्हा मामा बनियनवरच धावत माझ्या दारात. "धरला, ताई! धरला!"

मी ते हातात घेतलं. चौकोनी खडा, कडा जशाच्या तशा, आत एक बारीक करडी रेघ, कदाचित खाडीतल्या मातीची. मला ते फार सुंदर वाटलं. ते तसं मी बोलले, आणि मामा लाजले.

मग राहिला आवाज. मी म्हटलं, सुनंदाच्या आवाजात भरू, फोनवर ऐकलाय, गोड आहे. मामांनी मान हलवली. "अण्णाचा आवाज पायजे."

"तो कुठून आणायचा?"

"माझा त्याच्यासारखाच हाय. फोनवर आमची आई पन फसायची."

माझ्याच खोलीत बसून त्यांनी एकेक वाक्य म्हटलं, जरा घोगरं करून, जरा दरडावून. पानी दे. चाय दे. भात वाढ. जवला कर. पाठ दुखते, कूस बदला. टीव्ही बंद करा. मीठ कमी हाय. बोलताना ते ताठ बसत होते आणि वाक्य संपलं की परत पोक काढून मामा होत होते. एक बटण उरलं. त्यात काहीच घातलेलं नव्हतं, नुसतं आरपार.

"यात काय?"

"ह्यात घालन्यासारखा काय नाय," मामा म्हणाले. "ताई, तुमी जरा चाय ठेवा."

मला मुद्दाम आत पाठवलं जातंय हे मला कळत होतं. मी आत गेले, दार लोटलं. बाहेरून बराच वेळ नुसतं खाकरणं ऐकू आलं.

रविवारी आम्ही ओव्याला गेलो. सुनंदानं दारातच स्वागत केलं. घरभर कालवणाचा वास सुटला होता. पुढच्या खोलीत खिडकीशी अण्णांचा पलंग. मामांसारखंच नाक, मामांसारखेच कान, फक्त चेहऱ्याची एक बाजू उतरलेली. मी लॅपटॉप स्टुलावर ठेवला, तारा जोडल्या आणि कीपॅड अण्णांच्या मांडीवर ठेवला. मी पाणी घेतलं. मामांनी नेहमीप्रमाणे "नको" म्हटलं.

अण्णांचा डावा हात बटणांवरून हळूहळू फिरला. मिठाच्या खड्यावर येऊन थांबला. त्यांनी मान वाकवून बघितलं, नखानं वर खरवडून बघितलं. मग दाबलं.

"मीठ कमी हाय!" स्टुलावरून आवाज आला.

सुनंदा हातात पळी घेऊन बाहेर आली. "अजून चाखला बी नाय, आन् मीठ कमी?"

अण्णांच्या चेहऱ्याची एक बाजू हसली. त्यांनी परत दाबलं. परत दाबलं. सुनंदा पदर तोंडाला लावून हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. त्या घरात किती दिवसांनी कुणीतरी जेवणाला नाव ठेवत होतं. मग चहा झाला, पाठदुखी झाली, टीव्ही बंद करायची आज्ञा झाली. सगळ्यात शेवटी बोट त्या मोकळ्या बटणावर आलं. आत काही दिसेना म्हणून अण्णांनी मामांकडे बघितलं. मामा खिडकीबाहेर बघत होते.

अण्णांनी दाबलं.

"नाम्या, दर रविवारी माझ्या घरातून उपाशी जातोस, लाज नाय वाटत? बस खाली. सूनबाय, याला ताट वाढ."

आता माझ्या लक्षात आलं की महिनोन्महिने कशासाठी चाललं होतं सगळं. सुनंदाही समजली. ती लगबगीनं ताट घ्यायला वळली, तसा मामांनी हात वर करून तिला थांबवलं.

"नाय, सूनबाय. हा धरायचा नाय. त्याला काय म्हायती ह्यात काय हाय ते? बोट लागला, वाजला."

अण्णांनी हात मागे घेतला. ते मामांकडे बघत राहिले. बघण्यात राग होता की काय होतं, मला सांगता येणार नाही. उतरलेल्या चेहऱ्यावर काही वाचता येत नाही. मामा उठले, दाराशी गेले, चपलेत एक पाय घातला.

"चला, ताई. रिक्षा भेटनार नाय मग."

मी तारा गुंडाळायला वाकले. अण्णांचा हात माझ्या हाताला आडवा आला. बटणांवर गेला, इकडे तिकडे झाला नाही, सरळ त्या मोकळ्या बटणावर गेला आणि त्यांनी ते पुरतं खाली दाबलं.

"नाम्या, दर रविवारी माझ्या घरातून उपाशी जातोस, लाज नाय वाटत? बस खाली—"

वाक्य संपायच्या आत त्यांनी परत दाबलं. आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. "नाम्या—" परत दाबलं. "नाम्या—" पुढचं वाक्य ते होऊच देत नव्हते, नुसतं "नाम्या, नाम्या" करत होते. मामा एका पायात चप्पल घालून दारात उभे होते.

"आलो, अण्णा," ते म्हणाले. "आलो. बसतो."

सुनंदानं पलंगाशेजारीच पाट मांडला. मामा मान खाली घालून जेवत होते आणि अण्णा वरून त्यांच्या ताटात बघत होते. मी शेजारी बसले होते. दिवसभर सूचना लिहिणाऱ्या बाईला राहवत नाही, म्हणून मी हळूच म्हटलं, "मामा, आवाज तुमचा. वाक्य तुमचं. बटणसुद्धा तुमचंच."

मामांनी घास गिळला, डाव्या मनगटानं डोळे पुसले.

"पन दाबला कोनी?" ते म्हणाले, आणि ताट पुढे करून सुनंदाकडे आणखी भात मागितला.